आठ वाजताचे ताट

सिएनातल्या त्या घरात संध्याकाळी पावणेआठला मोठ्या पातेल्यात पाणी चढे. पाणी खळखळले की त्यात मीठ पडे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून हाक येई, "बुत्तो ला पास्ता?" म्हणजे पास्ता टाकू का? त्या हाकेत आणखी बरेच काही होते. तू घरात आहेस ना, हात धुतलेस ना, दहा मिनिटांत टेबलावर येशील ना? शिजलेला पास्ता पाच मिनिटे जास्त पाण्यात राहिला तरी लगदा होतो. म्हणून त्या देशात माणसे आधी टेबलावर बसतात आणि मग पास्ता ताटात येतो. भाषा शिकायला गेले असताना चार महिने मी ती हाक ऐकली. आता कोणाची आई फोन करून विचारते, "मुलीला इटलीत होस्ट फॅमिली बघू की हॉस्टेल?", तेव्हा मला पहिल्यांदा ते उकळते पाणीच आठवते.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. मिलान, तुरीन, पादोव्हा, बोलोन्या ही नावे आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या आणि वास्तुकलेच्या मुलांच्या बोलण्यात सहज येतात. कारण उघड आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि गरजू विद्यार्थ्याला प्रादेशिक सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. शिक्षण परवडते, अडते ते खोलीवर. मे 2023 मध्ये मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठासमोर एका विद्यार्थिनीने भाड्याच्या निषेधार्थ तंबू ठोकला, आणि थोड्याच दिवसांत इतर शहरांतही विद्यार्थ्यांचे तंबू उभे राहिले. अशा टंचाईत एखादे कुटुंब दोन वेळच्या खाण्यासह खोली देऊ करते, तेव्हा आईबापांना सुटल्यासारखे वाटते. मला नेमकी याच क्षणाची काळजी वाटते. घर जरूर घ्यावे असे मी म्हणेन, पण खोलीची अडचण सुटते एवढ्याच कारणाने घेऊ नये.

घरात राहण्याने जे मिळते त्यात भाषा पहिली. पेरुजात 1921 पासून परदेशीयांना इटालियन शिकवण्याची परंपरा आहे, सिएनातही परदेशीयांसाठी वेगळे विद्यापीठ आहे, आणि तिथले वर्ग उत्तमच असतात. पण वर्गात जी इटालियन बोलली जाते ती स्वच्छ, इस्त्री केलेली असते. घरची तशी नसते. तोस्कानातले लोक दोन स्वरांमधला 'क' घशातून सोडतात, त्यामुळे 'ला काझा', म्हणजे घर, कानाला 'ला हासा' ऐकू येते. पहिला आठवडा मला वाटत होते की हा कुठला तरी वेगळाच शब्द आहे. पुस्तकात हे सापडत नाही, ते टेबलावर ब्रेड पुढे सरकवताना कळते.

आणि एक गोष्ट मराठी माणसाला इंग्रजीत वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगते. इटालियनमध्ये 'तू' आणि 'लेई' असा भेद आहे, अगदी आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा. दुकानदाराला, प्राध्यापकांना, अनोळखी वडीलधाऱ्यांना 'लेई' म्हणायचे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. अडचण येते ती पुढे. चार दिवसांनी साठीची यजमानीण म्हणते, "दाम्मी देल तू", मला तू म्हण. आपली जीभ अडखळते. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारून 'तू' म्हणायचे? आपल्याकडे अशा वेळी काकू किंवा मावशी असते. तिथे मावशी म्हणजे रक्ताची मावशी, परक्या बाईला लावायचा तो शब्द नव्हे. मी महिनाभर 'सिन्योरा'वरच राहिले. ज्या दिवशी तिला नावाने हाक मारली, त्या दिवशी तिने काहीच म्हटले नाही, फक्त कॉफीचे भांडे माझ्याकडे सरकवून "आता तू कर" म्हणाली. नाते बदलल्याची खूण एवढीच होती, आणि ती वसतिगृहात मिळाली नसती.

मात्र भाषेचे हे मोल प्रत्येकाला सारखे नसते, हेही तितकेच खरे. मिलानमध्ये इंग्रजीतून एम.एस्सी. करणारा मुलगा दिवसभर प्रयोगशाळेत असतो. संध्याकाळी थकून आल्यावर दीड तास परक्या भाषेत बोलणे हे कष्टाचे काम आहे, त्याने पहिले काही आठवडे खरोखर डोके दुखते. दुसरीकडे, विद्यार्थ्याच्या परवान्यावर आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, आणि कॅफेत किंवा दुकानात ती मिळायची तर इटालियन लागतेच. डॉक्टरकडे, पोस्टात, वीज कंपनीच्या फोनवरही तीच लागते. म्हणजे ज्याला इटलीत दोन वर्षे काढायची आहेत त्याला भाषेचे कष्ट चुकत नाहीत, ते टेबलावर करायचे की नंतर रांगेत उभे राहून, एवढेच त्याच्या हातात असते. काही घरांत उलटाच प्रकार असतो. घरात शाळकरी मूल असते आणि त्याचे इंग्रजी सुधारावे म्हणून परदेशी विद्यार्थी ठेवलेला असतो. अशा घरी चार महिने राहून इंग्रजीच बोलत परत येणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. यात कुटुंबाचा दोष नाही, पण ही गोष्ट आधी विचारून घ्यायला हवी होती.

आता ताटाकडे येते, कारण बहुतेक नाती तिथेच जुळतात किंवा तिथेच तुटतात. सकाळी पोहे-उपमा खाणाऱ्याला इटालियन नाश्ता म्हणजे थट्टा वाटू शकते. दुधात किंवा कॉफीत बुडवून दोन-चार बिस्किटे, एवढाच. तिखटमिठाचे काही नसते. पुष्कळ घरांत करार 'मेद्झा पेन्सिओने'चा असतो, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचे जेवण घरचे, दुपारचे आपले आपण, विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, किंवा कुठेही. त्यामुळे दिवसाचे खरे जेवण रात्री आठचेच.

शाकाहारी मुलांनी आणि त्यांच्या आयांनी काही गोष्टी स्पष्ट जाणून घ्याव्यात. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीझ वासराच्या जठरातल्या विरजणाने दूध साकळवून करतात. तो त्यांच्या नियमाचाच भाग आहे, आणि ती किसून जवळजवळ सगळ्यावर पडतात, पेस्तोच्या चटणीतही असतात. रोमान्या भागातली पियादिना ही पोळी परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात. सूप भाज्यांचे असले तरी त्यातला रस्सा कशाचा हे विचारावे लागते. यजमानीण फसवत नसते, तिच्या डोळ्यांपुढे मांस म्हणजे ताटातला तुकडा असतो, विरजण आणि रस्सा तिच्या हिशेबात येत नाही. म्हणून "मी शाकाहारी आहे" हे एक वाक्य पुरत नाही. काय चालते आणि काय नाही याची यादी जाण्यापूर्वी लिहून पाठवावी, त्यात संकोच धरू नये. तिथे पोचल्यावर, तिने दोन तास खपून केलेले ताट पुढे आल्यावर ते नाकारणे दोघींनाही जड जाते.

उलट बाजूही सांगितलीच पाहिजे. इटलीच्या वाण्याकडचा साधा सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा असतो, त्यात अंडे नसते. तोस्काना तर घेवडे-चवळी खाणाऱ्यांचा मुलूख. शिळा ब्रेड, घेवडा आणि काळसर पानकोबी घालून शिजवलेली रिबोल्लिता, टोमॅटोत शिजवलेला ब्रेड, आणि पिसा-लिव्होर्नोकडची चेचीना. चेचीना म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेले. पहिला घास खाल्ला तेव्हा मला आमच्या घरचे बेसनाचे धिरडे आठवले आणि घशात आवंढा आला. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो, पहिल्यांदा तो बेचव लागतो, पण खारट-मसालेदार कालवणाबरोबर तो का तसा आहे ते कळते. आणि जेवण संपल्यावर ताटात उरलेला रस ब्रेडच्या तुकड्याने पुसून खाण्याला त्यांच्याकडे 'स्कार्पेत्ता' असे लाडके नाव आहे. बोटाने ताट चाटून पुसून खाणाऱ्या आपल्या माणसाला त्या टेबलावर परके वाटायचे कारण नाही.

स्वयंपाकघर मात्र बहुधा तिचेच राहते. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास तीन दिवस पडद्यांत बसतो. "रविवारी मी माझ्या हातचे करून घालू का?" असे विचारून केलेली खिचडी सगळे आवडीने खातात. रोज रात्री आपला डबा वेगळा शिजवणाऱ्या मुलाला मात्र घरात राहूनही घर मिळत नाही. ज्याला रोज वरणभात लागतोच, त्याने स्वतंत्र स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड बघावे. त्यात कमीपणा नाही.

घरच्या नियमांवरून होणारे गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतात, कारण ते टाळता येण्यासारखे आहेत. "फार कंजूष बाई आहे, हीटर लावतच नाही," अशी तक्रार हमखास येते. इटलीत घर गरम करण्याला कायद्याचे बंधन आहे. घरातले तापमान 20 अंश, त्यावर 2 अंशांची सूट. देश हवामानानुसार विभागलेला आहे : फ्लॉरेन्समध्ये 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 12 तास, मिलानमध्ये 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, 14 तास. ऑक्टोबरच्या मध्यात फ्लॉरेन्सच्या दगडी घरात पुण्याची मुलगी कुडकुडते ती नियमाने, यजमानिणीच्या कंजूषपणाने नव्हे. विजेचेही तसेच. बहुतेक घरांची जोडणी 3 किलोवॉटची असते. धुण्याचे यंत्र आणि ओव्हन चालू असताना कोणी केस वाळवायचे यंत्र लावले की सगळे घर अंधारात. शिवाय पुष्कळ घरांत संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी वीज स्वस्त पडते, म्हणून कपडे रात्री धुतले जातात आणि दोरीच्या घडवंचीवर घरातच वाळतात.

अनवाणी फिरू नको, चपला घाल. ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, वारा लागेल. हे ऐकल्यावर अमेरिकेतून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी वैतागायच्या. मला माझी आजी आठवायची. एका गोष्टीचा दिलासा आपल्याकडच्या प्रत्येकाला वाटेल : 1975 च्या शासकीय आदेशाने इटलीत प्रत्येक घरातल्या निदान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे शौचानंतर धुण्याचे बसके भांडे, असणे बंधनकारक झाले. नुसत्या कागदावर दिवस काढण्याची वेळ तिथे येत नाही.

पैशाचा प्रश्न नाजूक आहे. शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीत इंतेरकुल्तुरासारख्या संस्थांमार्फत कुटुंबे बिनमोबदला मुलांना ठेवून घेतात. विद्यापीठाच्या पातळीवर बहुधा तसे नसते, तिथे महिन्याचे पैसे ठरलेले असतात. आणि मग दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. विद्यार्थ्याला वाटते, मी पैसे देतो, मला कोणी विचारू नये. यजमानिणीला वाटते, मी हिला मुलीसारखे वागवते, हिने कळवल्याशिवाय उशीर करू नये. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पुष्कळदा ती बाई एकटी असते. मुले मोठी होऊन गेलेली, एक खोली रिकामी, पेन्शन बेताची. भाजी आणणे, रांधणे, चादरी बदलणे हे तिचे काम आहे आणि त्याचे पैसे घेण्यात काही गैर नाही. पण पैसे दिले म्हणून ती नोकर होत नाही, आणि पैसे घेतले म्हणून तिची माया खोटी ठरत नाही. आपल्याकडे हे दोन धागे वेगळे ठेवायची सवय आहे, एक तर पाहुणा नाही तर भाडेकरू. तिथे ते एकाच दोरीत वळलेले असतात, आणि ते तसे सहन करता येणे हीच पहिली परीक्षा असते.

आता ज्या मुद्द्यावर मी यजमान घराच्या विरोधात जाते तो सांगते. तो कागदाचा आहे, आणि त्यात भावनेला जागा नाही. परदेशी माणसाला घरी ठेवणाऱ्याने 48 तासांत पोलिसांकडे तशी लेखी सूचना द्यावी लागते. विद्यार्थ्याने इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, तो पोस्टातून जातो. त्यासाठी पत्ता लागतो, आणि पत्त्यामागे सही करणारे कोणीतरी. जे घर "कागद कशाला, तू घरचीच आहेस" असे म्हणते, ते कितीही गोड असले तरी सोडावे. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. गाव सोडून राहणारा विद्यार्थी म्हणून पूर्ण रक्कम मिळवायची तर निदान दहा महिने पैसे देऊन विद्यापीठाजवळ राहत असल्याचा पुरावा लागतो. खाजगी घराच्या बाबतीत तो पुरावा म्हणजे नोंदणी केलेला करार. तो नसेल तर विद्यार्थी रोज ये-जा करणाऱ्यांत गणला जाऊ शकतो आणि रक्कम कमी होते. चार महिन्यांच्या भाषावर्गाला आलेल्याला याची फिकीर नाही. शिष्यवृत्तीच्या भरवशावर दोन वर्षांसाठी आलेल्या, घरी कर्ज असलेल्या मुलाला मात्र एका अनोंदणीकृत, प्रेमळ घराची किंमत हजारो युरोंत मोजावी लागेल.

वसतिगृहाची बाजू एवढ्यावर संपत नाही, आणि ती आपल्याइतकी कोणाला कळावी? पुण्यात एके काळी गरीब मुले वार लावून जेवत आणि शिकत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यातून मोठी माणसे घडली, हे खरेच. पण त्या ताटावर कोणाला बसता येई आणि कोणाला नाही हे जात ठरवे, आणि बसलेल्यालाही मान खाली घालून जेवावे लागे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले, ते याच उपकाराच्या ओझ्यातून विद्यार्थ्याला सोडवण्यासाठी. इटलीनेही हे फार पूर्वी ओळखले होते. मध्ययुगातल्या बोलोन्यात विद्यार्थी गावकऱ्यांच्या घरी भाड्याने राहत, तेव्हा भाडे किती असावे हे विद्यार्थ्यांचे आणि नगराचे प्रतिनिधी मिळून ठरवत. 1364 मध्ये तिथे स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निवास स्थापन झाला, तो आजही चालू आहे. स्वतःचे दार, स्वतःची वेळ, बरोबरीची माणसे ही चैन नव्हे. बावीस वर्षांच्या मुलीला रात्री अकराला लायब्ररीतून येताना कोणाच्या झोपेचा विचार करावा लागू नये, हीसुद्धा शिक्षणाचीच गरज आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडेच बोलते. 'कुटुंब' या शब्दाने आईबाप निश्चिंत होतात, पण तो शब्द हमी देत नाही. खोलीला आतून कडी आहे का, घरात कोण कोण राहते, बिनसले तर घर बदलून देणारे जबाबदार माणूस कोण, ही उत्तरे हमी देतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तिच्या पहिल्या घरी तिच्या रंगावरून आणि हाताने जेवण्यावरून रोज काहीबाही ऐकावे लागले. ती सहा आठवडे गप्प राहिली, कारण "लोकांच्या घरी राहतो तर सहन करावे" हे तिला घरातूनच शिकवलेले होते. तिला दुसरे घर मिळाले आणि ती वर्षभर सुखाने राहिली. सहा आठवडे वाया गेले ते तिला कोणाशी बोलायचे हे सांगितलेले नव्हते म्हणून.

सगळे तराजूत घालून मी असे म्हणेन. जो भाषेसाठी, इतिहासासाठी, कलेसाठी एका सत्रापुरता जातो, त्याने घरातच राहावे, पूर्ण मुदत. सिएनात सतरा कोन्त्रादा आहेत, म्हणजे आपल्याकडच्या पेठांसारख्या वस्त्या, ज्यांच्या अभिमानावर 2 जुलै आणि 16 ऑगस्टची पालिओची शर्यत उभी असते. शर्यतीच्या आदल्या रात्री गल्लीत लांबलचक टेबले मांडून सगळी वस्ती एकत्र जेवते. मी त्या टेबलावर घरच्यांच्या बरोबर बसले, शेजारच्या आजोबांनी माझ्या गळ्यात कोन्त्रादाचा रुमाल बांधला, आणि गाण्याचे शब्द येत नसताना मी त्यांच्याबरोबर ओरडले. हे खोली भाड्याने घेऊन मिळत नाही.

जो दोन वर्षांच्या पदवीसाठी, शिष्यवृत्तीवर, इंग्रजीतून शिकायला जातो, त्याने वसतिगृहाचा अर्ज मुदतीच्या पहिल्या दिवशी करावा आणि तोच आपला मुख्य मार्ग मानावा. नोंदणी केलेला करार देणारे घर मिळाले तर पहिले काही महिने तिथे काढायला माझी ना नाही. मिलानमध्ये एकट्या वृद्धांकडे विद्यार्थ्यांनी राहावे, थोडी सोबत आणि थोडे भाडे द्यावे, अशीही सोय केली जाते. ज्याचा स्वभाव माणसांत रमणारा आहे त्याने ती जरूर बघावी. आणि ज्याला रात्रीचे जेवण लॅपटॉपपुढे, आपल्या वेळेला, आपल्या भाषेतली मालिका बघत जेवायचे आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. परक्या देशात दिवसाकाठी एक तास तरी आपला असावा, हे मला पटते. फक्त त्याने एखाद्या बाईच्या टेबलावरची जागा अडवू नये.

यजमान घराला पहिले पत्र लिहाल तेव्हा खोलीचा आकार आणि विद्यापीठापर्यंतची बस हे नंतर विचारा. करार नोंदवणार का, 48 तासांची सूचना कोण देणार, खाण्यात काय चालत नाही, घरात कोणत्या भाषेत बोलता, हे आधी. आणि त्याच्याही आधी विचारा, तुमच्याकडे रात्री किती वाजता जेवायला बसतात? उत्तर आले की ते कागदावर लिहून आपल्या वर्गांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा, आणि आठवड्यातल्या किती रात्री आपण त्या वेळेला खरोखर तिथे असू ते मोजा.